‘त्यात काय एवढं?’ : आपली बलस्थानं ओळखून कामाला लावण्याची चार आठवड्यांची वही

स्वतःचे दोष सांगा म्हटलं की बहुतेक जण दोन मिनिटांत पानभर यादी देतात. आळशी, तापट, इंग्रजी कच्चं, चारचौघांत तोंड उघडत नाही, पैसा हातात टिकत नाही. आता जमेची बाजू सांगा म्हटलं की गाडी अडते. ‘तसं काही विशेष नाही’ हे पहिलं उत्तर. फारच आग्रह केला तर ‘मेहनती आहे, प्रामाणिक आहे’ हे दुसरं. यात थोडा विनय असतो, कारण स्वतःची टिमकी वाजवू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण मोठं कारण वेगळं आहे. आपले दोष लोकांनी वर्षानुवर्षं प्रसंग आणि तारीख-वारासह ऐकवलेले असतात. गुणांची तशी नोंद कोणी ठेवलेली नसते, आपणही नाही.

ती नोंद करायची कशी आणि केल्यावर तिचा उपयोग काय, एवढाच इथला विषय. साहित्य थोडकं आहे: शंभर पानी वही, पेन आणि चार आठवडे रोज 15 मिनिटं. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालतं, पण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळे प्रसंग एकदम समोर पसरून बघायचे असतात. ते कागदावर सोपं जातं.

सुरुवात करण्याआधी पहिल्या पानावर तारीख घालून तीन आकडे लिहा. एक, गेला आठवडा एकंदर कसा गेला, 0 ते 10 मध्ये. दोन, उद्या एखादं अनोळखी काम अंगावर पडलं तर ते निभावेन असं किती वाटतं, तेही 0 ते 10. तीन, केवळ भीतीपोटी गेल्या आठवड्यात किती गोष्टी टाळल्या: न केलेले फोन, न विचारलेले प्रश्न, पुढे ढकललेल्या भेटी. हा तिसरा आकडा अंदाजे देऊ नका, मोजून लिहा. मग पान उलटा आणि अठ्ठावीस दिवस तिकडे फिरकू नका.

पहिला आठवडा: प्रसंग गोळा करा, विशेषणांना बंदी

रोज तीन प्रसंग, म्हणजे सात दिवसांत 21. त्यातला एक आजचा किंवा कालचा, एक गेल्या वर्ष-दोन वर्षांतला आणि एक त्याही मागचा, अगदी शाळेतला चालेल. नियम दोनच. वाक्यात क्रियापद तुमचं हवं. आणि दुसऱ्या कोणाला पडताळून बघता येईल असा एक तरी तपशील हवा: आकडा, वेळ, ठिकाण किंवा माणूस.

हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते पाहू. समजा, आठ वर्षांच्या खंडानंतर एक बाई पुन्हा नोकरी शोधते आहे. वहीत पहिल्या दिवशी ती लिहिते, ‘मी व्यवस्थित आहे.’ हे वाक्य कुणालाही लागू पडतं. शिवाय कुणीही ते एका फटक्यात खोडू शकतं: ‘व्यवस्थित? मग गॅसचं पुस्तक कुठंय?’ आता तोच गुण प्रसंगात मांडला की असा होतो: ‘बारा जणींची भिशी तीन वर्षं माझ्याकडे आहे. दर महिन्याला प्रत्येकीकडून दोन हजार, एकूण चोवीस हजार. दिवाळीच्या तोंडावर दोघींना एकाच महिन्याचा नंबर हवा होता. मी दोघींशी वेगवेगळं बोलले, एकीला पुढच्या फेरीत पहिला नंबर देऊन अदलाबदल केली, वहीत लिहून दोघींच्या सह्या घेतल्या.’

यातली क्रियापदं मोजा. तारीख लक्षात ठेवते. हिशोबाचा ताळा घालते. भांडण सगळ्यांसमोर न काढता दोघींना बाजूला घेऊन बोलते. ठरलेलं लेखी करते. एका प्रसंगात चार वेगळ्या गोष्टी सापडल्या आणि त्यातली एकही ‘व्यवस्थित’ या शब्दात मावत नव्हती. क्रियापदाचा मोठा फायदा असा की ते घडून गेलेलं असतं. वाईट दिवशी मन ‘तू काही कामाची नाहीस’ म्हणायला लागलं तर विशेषणावर वाद घालता येतो, झालेल्या छत्तीस महिन्यांच्या हिशोबावर घालता येत नाही.

चौथ्या दिवसापासून प्रसंग आटतात. ते अपेक्षितच आहे, कारण सुचायला सोपे असलेले तोवर संपलेले असतात. तेव्हा स्वतःला हे विचारा: शेजारीपाजारी, नातेवाईक, ऑफिसातले लोक कोणत्या कामासाठी नेमकी मलाच हाक मारतात? दुसऱ्याला कोणतं काम करताना बघून माझे हात शिवशिवतात? कशात वेळ गेला ते कळलंच नाही? आणि कोणतं काम कुणी नीट शिकवलं नसताना मी बघून बघून उचललं?

सगळ्यात उपयोगी खूण मात्र ‘त्यात काय एवढं?’ या वाक्याची. कुणी कौतुक केलं आणि तुमच्या तोंडून हे निघालं, की ताबडतोब वही काढा. जे आपल्याला सहज जमतं त्याला आपण काम समजतच नाही, आणि जे सहज जमतं तेच बहुधा बलस्थान असतं. परक्या स्टेशनवर उतरून पाच मिनिटांत योग्य प्लॅटफॉर्म शोधणाऱ्याला वाटतं, हे तर सगळ्यांनाच येतं. सगळ्यांना येत नाही.

प्रत्येक प्रसंगासमोर आणखी एक खूण करा: ते काम झाल्यावर तरतरी आली असेल तर अधिक, जीव शिणला असेल तर उणे, काहीच वाटलं नसेल तर शून्य. ही पायरी अनेक जण गाळतात आणि इथेच पुढची गफलत होते. एखादं काम उत्तम येणं आणि ते आपलं बलस्थान असणं यात फरक आहे. चाळीस माणसांचा स्वयंपाक एकहाती करणाऱ्या बाईला त्याचा मनापासून कंटाळा असू शकतो. पंधरा वर्षं बिनचूक ऑडिट करणारा माणूस दर मार्चमध्ये आतून रिकामा होत असू शकतो. उणे खुणेची कामं ही कमावलेली कौशल्यं आहेत. ती पोटासाठी वापरा, पण आत्मविश्वास त्यांच्यावर उभारायला जाऊ नका, कारण त्यातून मिळणारं कौतुकसुद्धा ओझंच वाढवतं.

तयार प्रश्नावल्यांचं काय?

ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये 24 गुणांची मांडणी केली. जिज्ञासा, चिकाटी, न्यायबुद्धी, दयाळूपणा, विनोदबुद्धी, कृतज्ञता, नेतृत्व वगैरे. (नम्रताही त्यात आहे. स्वतःचे गुण शोधणं म्हणजे गर्व, असं वाटणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) त्यावर आधारलेली व्हीआयए नावाची प्रश्नावली इंटरनेटवर मोफत भरता येते. गॅलप कंपनीची 34 गुणांची चाचणी आहे, तिला पैसे पडतात. सुरुवातीला मोफत असलेली पुरते.

भरताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. निकालात चोविसाव्या क्रमांकावर आलेला गुण म्हणजे तुमचा दोष नव्हे. तो तुमच्याच इतर गुणांच्या तुलनेत मागे आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि प्रश्नावली मोजते ते तुमचं स्वतःबद्दलचं मत. भांडण झालेल्या किंवा अपयश आलेल्या दिवशी भराल तर उत्तरंही पडेल येतील. म्हणून प्रश्नावली पहिल्या आठवड्यानंतर भरा, आणि तिच्यातल्या शब्दापुढे वहीतला प्रसंग सापडला तरच तो शब्द ठेवा.

दुसरा आठवडा: सहा जणांना विचारा

आपली पाठ आपल्याला दिसत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मांडलेल्या एका पद्धतीत ओळखीच्या दहा-वीस जणांकडून ‘मी माझ्या उत्तम रूपात कधी दिसलो’ याचे प्रसंग मागवतात. आपल्या कामाला सहा जण पुरतात: दोन घरचे, दोन कामाच्या ठिकाणचे, दोन जुने, म्हणजे शाळा-कॉलेजचे किंवा आधीच्या वस्तीतले. सहाही घरचे निवडलेत तर सहाही उत्तरं तुमच्या घरातल्या भूमिकेबद्दल येतील.

‘माझे गुण सांग’ असं विचारू नका. समोरचा अवघडतो आणि ‘तू खूप छान आहेस’ असं लिहून सुटका करून घेतो. प्रसंग मागा. मैत्रिणीला संदेश असा जाऊ शकतो:

‘एक छोटं काम आहे. मी कशात चांगली आहे हे नीट समजून घ्यायचा प्रयत्न करतेय. तुला असा एखादा प्रसंग आठवतो का, जेव्हा मी केलेल्या गोष्टीचा तुला किंवा कुणाला खरंच उपयोग झाला? काय घडलं, मी नेमकं काय केलं, चार ओळी पुरेत. रविवारपर्यंत पाठवशील?’

ऑफिसातल्या वरिष्ठांना हेच ‘तुम्ही’ करून, कामापुरतं: ‘सर, आपण एकत्र केलेल्या कामात माझी कोणती गोष्ट उपयोगी पडली असं तुम्हाला वाटतं? एखादा प्रसंग सांगू शकाल का?’ मावशी-काकांना संदेश पाठवू नका. ते फोन करून ‘सगळं ठीक आहे ना?’ विचारतील. त्यांच्याकडे चहाला जा आणि गप्पांत विषय काढा. आणि काही झालं तरी हा प्रश्न कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे तीन अंगठे, दोन फुलं आणि एक टोमणा येईल.

उत्तरांत दोन अडचणी हमखास येतात. एक, नुसतं विशेषण येतं. मग एकदाच, प्रेमाने, परत विचारा: ‘असं तुला कधी वाटलं होतं?’ दुसरी, घरच्यांच्या उत्तराला शेपूट असतं: ‘सगळ्यांचं करतेस, पण स्वतःची आबाळ करून घेतेस.’ ‘पण’च्या पुढचं वहीत वेगळ्या, शेवटच्या पानावर लिहा. ते बिनमहत्त्वाचं नाही, त्याचा उपयोग पुढे आहे. या आठवड्यात मात्र त्यावर वाद घालू नका.

चौदाव्या दिवशी तुमचे 21 आणि आलेले सहा-सात प्रसंग समोर ठेवून क्रियापदांखाली रेघ मारा. एकाच जातीची क्रियापदं किमान तीन प्रसंगांत, किमान दोन वेगळ्या ठिकाणी आणि अधिक खुणेसह येत असतील तर ते तुमचं बलस्थान. अशी तीन निवडा. सात निवडली तर एकही वापरली जात नाही. त्यांना पुस्तकी नावं देऊ नका. ‘संघर्ष व्यवस्थापन’ म्हणजे काय ते तुम्हालाच पुढच्या महिन्यात आठवणार नाही. ‘तापलेल्या दोघांना वेगवेगळं बोलून थंड करणं’ हे आठवेल.

तिसरा आठवडा: रोज एक नवा वापर

गुण ओळखले की काम झालं असं वाटतं. इथे संशोधन स्पष्ट आहे. सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाने आपले गुण नुसते ओळखले, तर दुसऱ्याने त्यातला एक गुण आठवडाभर रोज नव्या प्रकारे वापरला. पहिल्या गटाचा उत्साह लवकर ओसरला. दुसऱ्या गटात आनंद वाढल्याचा आणि उदासी कमी झाल्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकला. मासिकातली ‘तुमचा स्वभाव ओळखा’ छापाची चाचणी दुसऱ्या दिवशी विसरली जाते ती याचमुळे.

म्हणून तीनपैकी एक निवडा आणि सात दिवसांचे सात वापर आदल्या रविवारी लिहून ठेवा, प्रत्येक 10 ते 30 मिनिटांचा, वेळ आणि जागेसकट. भिशीवाल्या बाईचा गुण ‘हिशोबाचा ताळा घालणं’ असेल तर तिचा आठवडा असा: सोमवारी रात्री जेवणानंतर घरच्या तीन महिन्यांच्या वीजबिलांची तुलना. मंगळवारी मुलाला त्याच्या खाऊच्या पैशांची जमा-खर्चाची वही आखून देणं. बुधवारी मोबाइलवर स्प्रेडशीटमध्ये बेरजेचं सूत्र शिकणं. गुरुवारी बचतगटातल्या एकीला पासबुक आणि नोंदवही जुळवायला मदत. शुक्रवारी स्वतःच्या झोपेचे तास आठवडाभरासाठी मांडणं. शनिवारी सासऱ्यांच्या औषधांचा साठा मोजून संपायच्या तारखा कॅलेंडरवर लिहिणं. रविवारी भिशीचा सगळा हिशोब स्प्रेडशीटमध्ये चढवणं.

यात एक कच्चा दुवा आहे, तो तुमच्याही यादीत निघेल. सातपैकी बरेचसे वापर इतरांसाठी आहेत. गुण दुसऱ्याच्या उपयोगी पडला की बरं वाटतं, हे खरं. पण दोन तरी वापर निव्वळ स्वतःसाठी हवेत, नाहीतर चार आठवड्यांनी तुमच्या कामांच्या यादीत फक्त भर पडलेली असेल.

भीतीपोटी टाळत आलेल्या गोष्टींपैकी एक याच आठवड्यात हातात घ्या. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ या विश्वासाचे स्रोत चार: स्वतः करून यश मिळणं, आपल्यासारख्या कुणाला करताना बघणं, इतरांनी धीर देणं आणि शरीर-मनाची त्या क्षणीची अवस्था. यात पहिला सर्वांत बळकट. म्हणून उडी न मारता पायऱ्या करा, आणि प्रत्येक पायरीवर आपलं बलस्थान वापरा.

चारचौघांत बोलायची भीती आहे, पण कागदपत्रं बारकाईने वाचण्याची हातोटी आहे, असं धरा. राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. पहिली पायरी: गेल्या वर्षीचं इतिवृत्त आणि ताळेबंद वाचून तीन शंका काढणं. दुसरी: त्यातली एक सचिवांना लेखी विचारणं. तिसरी: दुसरी शंका शेजाऱ्याला जिन्यात तोंडी समजावून सांगणं. चौथी: सभेत उभं राहून एकच प्रश्न कागदावर बघून वाचणं, 20 सेकंद. आवाज कापला तरी पायरी पूर्ण धरायची, कारण पायरी प्रश्न विचारण्याची होती, न कापता विचारण्याची नव्हती. एखाद्या पायरीवर दोनदा अडलात तर ती फार उंच झाली आहे. मध्ये एक पायरी घाला.

आरशासमोरचं ‘मी सर्वोत्तम आहे’

सकाळी आरशात बघून स्वतःला थोर म्हणवून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या प्रयोगात ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य घोकल्यावर मुळात स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्यांना आणखी वाईट वाटलं. ज्यांना गरज नव्हती त्यांनाच थोडा फायदा झाला. मनाला न पटणारं वाक्य उच्चारलं की मन लगेच विरुद्ध पुरावे काढतं. त्याऐवजी वहीतला एक प्रसंग जसाच्या तसा वाचा.

आणखी एक सावधगिरी. बलस्थानांची यादी म्हणजे तुमची किंमत नव्हे. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे, म्हणजे अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीचे, जनक अल्बर्ट एलिस यांचा आग्रह असा की मार्क कृतीला द्यावेत, माणसाला नाही. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी हा विचार मराठी वाचकांपर्यंत पोचवला. ताळा चुकला तर ताळा चुकला. भिशीवाली बाई त्याने नालायक ठरत नाही, जशी तो जुळल्याने थोरही ठरत नाही.

मुलांनाही हेच लागू आहे. 1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ म्हणून कौतुक झालेली मुलं पुढे अपयश आल्यावर लवकर खचली. ‘मेहनत घेतलीस’ ऐकलेली टिकून राहिली. मुलाला ‘शहाणा गं माझा’ जरूर म्हणा, पण सोबत ‘अडलेलं गणित सोडून पुढचं सोडवलंस आणि मग परत आलास’ हेही म्हणा.

चौथा आठवडा: शेवटचं पान आणि मात्रा

आता त्या ‘पण’च्या पानाकडे. त्यातले निम्मे दोष बघितलेत तर ते तुमच्याच गुणाची जास्त झालेली मात्रा असतात. नेमकेपणा वाढला की किरकिर होते. मदत वाढली की समोरचा पांगळा होतो आणि आपण चिडतो. विनोद चुकीच्या जागी पडला की तो कुचेष्टा ठरतो. मिठासारखंच आहे: मीठ वाईट नसतं, चमचा मोठा असतो. प्रत्येक बलस्थानासमोर दोन ओळी लिहा: मी हे कुणासोबत जास्त वापरतो, आणि कुठे वापरायलाच हवं असून मागे घेतो.

उरलेले खरे दोष. ‘कमतरता विसरा, गुणांवर लक्ष द्या’ असं सांगणारे अर्धवट सांगतात. ज्या उणिवेने तब्येत, पैसा, कायदा किंवा दुसऱ्याचं काम धोक्यात येतं ती सुधारावीच लागते, पण 35 मार्कांपुरती. विवरणपत्र वेळेत भरता येत नसेल तर तारखेचा गजर लावा किंवा कर सल्लागार गाठा, करकायद्याचे जाणकार होण्याची गरज नाही. बाकी उणिवांची अदलाबदल करा: तू माझा अर्ज लिहून दे, मी तुझ्या बँकेच्या चकरा मारतो.

हेही स्पष्ट सांगायला हवं की सगळं या वहीने सुटत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, झोप-भूक बिघडली आहे, कशातच रस वाटत नाही किंवा जीव नकोसा झाला आहे, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. टेली मानस ही सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, मराठीतही बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी 181 आहे. अशा ठिकाणी आपल्यात काय कमी आहे किंवा काय चांगलं आहे, हा प्रश्नच चुकीचा असतो.

या आठवड्यात आणखी एक लेखी काम करा: तिन्ही बलस्थानांचं प्रत्येकी तीन वाक्यांत उत्तर. अडचण काय होती, मी काय केलं, काय झालं. मुलाखतीत ‘तुमची बलस्थानं?’ विचारलं तर भिशीवाली बाई म्हणू शकते: ‘पैशांचा हिशोब बिनचूक ठेवणं आणि मतभेद वाढू न देणं. बारा जणींचे महिन्याचे चोवीस हजार मी तीन वर्षं सांभाळते आहे, एकदाही फरक आलेला नाही. दोघींचा वाद झाला तेव्हा वेगवेगळं बोलून तोडगा काढला आणि लेखी केला.’ मोठ्याने वाचून बघा, 30 सेकंदांच्या आत बसायला हवं. पहिल्या दोन-तीन वेळा हे बोलताना कान तापतात. आरशापुढे करू नका, माणसापुढे करा. बहीण, मित्र, कोणीही.

अठ्ठाविसाव्या दिवशी पहिलं पान उघडा आणि तेच तीन आकडे नव्याने लिहा. आधी तिसऱ्या आकड्याकडे बघा, टाळलेल्या गोष्टींच्या. पाचाचे तीन झाले असतील तर पद्धत लागू पडते आहे, भले पहिला आकडा अजून जागचा हलला नसेल. तिन्ही जिथल्या तिथे असतील तर तिसऱ्या आठवड्याची पानं तपासा. बहुतेक वेळा तिथे सात वापर लिहिलेले असतात आणि खूण दोघा-तिघांवरच असते. तसं असेल तर तोच आठवडा पुन्हा करा, या वेळी 10 मिनिटांचे वापर घेऊन.